क्लॅम्प घसरत होता

चष्मेवाल्यांना गल्लीत सगळे चष्मेवाले म्हणूनच ओळखत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेमच्या मापात आणायच्या आणि बसवायच्या, हे त्यांचं काम. हात अगदी स्थिर. त्यांची बायको म्हणायची, "घरात खिळा ठोकायला सांगितला तर महिना घालवतील, पण मुंगीला चष्मा करून द्या म्हणा, संध्याकाळपर्यंत तयार."

त्यांची एकुलती एक मुलगी टेनिस खेळायची. घरात तिला चिऊ म्हणत. अंगानं किरकोळ, पण सर्व्हिस अशी की समोरच्या मुली दोन पावलं मागे सरकून उभ्या राहत. तिच्या रॅकेटच्या तारा वरचेवर तुटत, आणि गटिंगला, म्हणजे नव्या तारा ओढायला, दिलेली रॅकेट वेळेवर परत मिळेल तर शपथ. म्हणून बंद पडलेल्या एका क्लबातलं गटिंगचं जुनं मशीन चष्मेवाल्यांनी घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला पक्कं बसवलं. तेव्हापासून तिघांची ताटं टेबलाच्या उरलेल्या भागात दाटीवाटीनं बसू लागली. बायको कुरकुरली, पण लेकीचं कौतुक तिलाही होतंच.

मशीन साधं होतं. रॅकेट दोन्ही टोकांना आवळून धरायची, भोकांतून तार ओवायची आणि वजन अडकवलेला दांडा हळूच खाली सोडायचा. वजनानं तार ताणली जाते. पण पुढची तार ताणायची तर दांडा मोकळा करावा लागतो, आणि तो मोकळा केला की मागची तार सैल पडणार. तेवढा वेळ तिला धरून ठेवतो तो क्लॅम्प. त्याच्या एका जबड्यात नुकतीच ताणलेली तार, दुसऱ्यात आधीची. शेजारणीच्या आधारानं नवी तार तग धरते.

पहिल्या काही रॅकेट झकास झाल्या. चिऊ मैदानावरून आली की बाप विचारायचा, चेंडू कसा निघतो? ती म्हणायची, मस्त. तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा. दुकानात कुणी चष्म्याच्या नंबराबद्दल विचारलं तरी ते बोलता बोलता रॅकेटवर यायचे.

मग क्लॅम्प घसरायला लागला. दांडा उचलला की बारीकसा टक् आवाज व्हायचा आणि ताणलेली तार थोडी मागे जायची. चष्मेवाल्यांनी क्लॅम्पचा स्क्रू आवळला. तर तारच चेपली आणि ऐन सामन्यात तिथंच तुटली. चिऊ तो सामना हरली. ते बापाच्या जिवाला लागलं. त्यांनी स्क्रू पुन्हा सैल केला आणि वेगळीच युक्ती काढली. घसरून जाणार तेवढं आधीच जास्त ओढायचं, म्हणून दांड्यावरचं वजन बाहेरच्या बाजूला सरकवलं. दुखणं क्लॅम्पचं आणि उपाय वजनावर. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तसं झालं.

कारण क्लॅम्प प्रत्येक तारेवर सारखा घसरत नव्हता. कडेच्या तारा निसटायच्या, मधल्या मात्र वाढवलेल्या ताणासकट जशाच्या तशा राहायच्या. रॅकेटचा मधला भाग, जिथं चेंडू लागतो तोच, फळीसारखा कडक झाला. चिऊ एकदा म्हणाली, हाताला दणका बसतोय. चष्मेवाले म्हणाले की नव्या तारा आहेत, खेळून खेळून बसतील. तिनं मान डोलावली.

आधी लक्षात आलं ते आईच्या. लेक पाण्याचा जग डाव्या हातानं उचलते, वेणी घालताना मध्येच थांबते. विचारलं तर म्हणे, झोपेत हात अवघडला. पुढे एका सकाळी तिला दाराची कडी उघडेना आणि ती कडीकडे बघत रडायला लागली, तेव्हा आईनं तिला तशीच डॉक्टरांकडे नेली. कोपरातले स्नायुबंध सुजले होते. दुखणं अंगावर काढलंय, डॉक्टर म्हणाले, आता रॅकेटला हात लावायचा नाही.

चष्मेवाले चिऊला घेऊन तिच्या प्रशिक्षक मॅडमना सांगायला मैदानावर गेले. मॅडमनी रॅकेट मागितली. अंगठ्यानं मधल्या तारा दाबून पाहिल्या, मग कडेच्या दाबल्या, पुन्हा मधल्या दाबल्या.

"हे गटिंग कुठं केलं?"

"खेळाच्या दुकानात," चिऊ चटकन म्हणाली.

चष्मेवाले शेजारीच उभे होते. लेक आपल्यासाठी खोटं बोलली हे त्यांना कळायला एक क्षण लागला.

"मी केलंय," ते म्हणाले. "घरी."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या की अशा रॅकेटनं रोज सर्व्हिस मारली तर मोठ्या माणसाचाही हात जाईल. मग त्यांनी संघातली चिऊची जागा दुसऱ्या मुलीला दिली.

घरी येताना चष्मेवाल्यांनी विचारलं, "तुला कळत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती मन लावून करत होता, बाबा. तुम्हाला कसं सांगायचं?"

घरी पोचल्यावर त्यांनी रॅकेट मशीनवर चढवली आणि मधून सुरुवात करून सगळ्या तारा कापल्या. मग क्लॅम्प सोडवून उजेडात धरला. जबड्यांवर काळपट, तेलकट थर चढला होता. स्पिरिटचा बोळा फिरवला तर सगळा मळ निघून आला. गुंडाळीत उरलेली एक तार लावून त्यांनी ताणून बघितली. क्लॅम्प जागचा हलला नाही. दिवसभर लोकांच्या काचा पुसणारा माणूस, पण हे जबडे एकदाही पुसले नव्हते. बायको दारात उभी राहून बघत होती. मग तिनं जेवायला वाढलं.

हात बरा व्हायला फार वेळ लागला. हंगाम गेला. चिऊ परत खेळायला लागली, पण पहिल्यासारखी सर्व्हिस काही तिला जमेना. जोर लावला की कोपर कुरकुरायचं. मॅडमनी तिला दुहेरीत घेतलं, जाळीजवळ उभं केलं. तिथं तिची नजर आणि चपळाई कामाला आली. रॅकेट आता गटिंगला खेळाच्या दुकानातच जायची. चष्मेवाल्यांनी स्वतःच तसं ठरवलं होतं, आणि चिऊनं एकदाही नको म्हटलं नाही. तेच त्यांना जास्त बोचलं.

सामन्यांना मात्र ते जात राहिले. तिची सर्व्हिस आली की त्यांचा जीव मुठीत. चेंडू मऊसा पलीकडे जायचा, समोरची मुलगी पुढे येऊन फटका मारायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा सामना संपल्यावर चिऊ घाम पुसत त्यांच्याजवळ आली.

"बाबा, रागावू नका. तुम्ही बघायला येऊ नका. तुम्ही माझ्या हाताकडे बघत बसता, मग माझंही लक्ष तिथंच जातं."

ते बरं म्हणाले. आता ते तिला सायकलवरून मैदानापर्यंत सोडतात आणि फाटकाबाहेर सायकली लावतात तिथं थांबतात. कुणी विचारलं तर म्हणतात, आत ऊन फार लागतं.