पलीकडचा लाल दुपट्टा

सासऱ्यांच्या त्या लाल दुपट्ट्याची मला आल्या दिवसापासून किळस वाटत होती. ते त्यानेच तोंड पुसत, त्यातच भाकर बांधत आणि झोपताना तोच उशाशी घेत. माझी बदली झाली म्हणून वर्ध्याजवळच्या नालवाडीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही पुलगावच्या खालच्या अंगाला, वर्धा नदीच्या काठी सासरी राहायला आलो, त्याला जेमतेम पाच दिवस झाले होते. मी शिक्षिका. मुलांच्या कॉलरी तपासायची सवय घरीही सुटत नाही. एकतीस डिसेंबरच्या दुपारी मी तो दुपट्टा सोड्यात भिजवला आणि त्यांच्यापुढे नवा कोरा पांढरा ठेवला.

"बाबा, नवीन वर्ष आहे. उद्यापासून हा घ्या."

"त्याले काय झालं?"

"त्याला काय नाही झालं ते विचारा."

ते हसले आणि पांढरा गळ्यात टाकून पाहिला. भांडणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

आमचं हरभऱ्याचं शेत नदीच्या पलीकडे आहे. हिवाळ्यात नदी गुडघ्याएवढी असते, म्हणून सासरे रोज सकाळी पाण्यातून चालत जातात. रानडुकरांनी रात्रीतून काय नासधूस केली ते बघायचं असतं. पुलावरून जायचं तर दहा-बारा किलोमीटरचा फेरा पडतो. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, ऐकायला कमी येतं, पण पाण्याची भीती म्हणून नाही.

एक तारखेला रविवार होता. नवरा राहिलेलं सामान आणायला टेम्पो घेऊन वर्ध्याला गेला होता. सासरे उजाडता उजाडता नदीत उतरले होते. मी चहा घेत मोबाइल उघडला. गावाच्या ग्रुपवर रात्रीपासून शुभेच्छांचा पूर आलेला. गुलाबाची फुलं, दिवे, फुगे. वर सरकवत गेले, तर त्या फुग्यांच्याही वर संध्याकाळचा एक साधा मजकूर होता: धरणातून नदीत पाणी सोडणार, सकाळपर्यंत पोचेल, कोणी पात्रात उतरू नये. त्याच्या खाली कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं, बस्स.

मी तशीच मागच्या दाराकडे धावले. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या, एका हातात पितळी ताट, दुसऱ्या हातात पळी. समोर धुकं इतकं दाट की नदीचा मधला भागही दिसत नव्हता. खाली धुण्याचा दगड मात्र दिसत होता. रोज तो कोरडा असतो. आज पाणी त्याला टेकलं होतं.

"आई, वरून पाणी सोडलंय. बाबा कुठे आहेत?"

"तेच पाहून राह्यली. लाल काऊन दिसून नाई राह्यला आज?"

"लाल काय?"

"दुपट्टा. पलीकडं पोचले का ते बोरीवर टाकतात. धुकं असलं तरी लाल दिसते. दिसला का मी तीन ठोके देतो. मंग ते कामाले लागतात."

पाच दिवस मी ते ठोके ऐकले होते आणि देवपूजेचे समजत होते. लाल दुपट्टा अंगणातल्या दोरीवर लटकत होता, स्वच्छ, माझ्या हातचा.

"आई, बाबांच्या गळ्यात पांढरा आहे. लाल मी धुतला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फोन लावला. तो घरातच कोनाड्यात वाजला. मागचा फोन नदीत पडल्यापासून ते तो सोबत नेत नाहीत. मी जीव तोडून हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्या मलाच ऐकू येईनात.

"आई, मग वाजवा ना तुम्ही. पोचले असतील."

"दिसल्याबिगर कशी वाजवू?"

"आणि नाही वाजवलं तर?"

सासूबाई नदीकडे बघत म्हणाल्या, "मागं एकदा तापानं पडली होती मी. ताट वाजलं नाई. तं ते तसेच परत निंगाले, घरी काय झालं म्हणून."

म्हणजे ते आत्ताही निघाले असतील. या पाण्यात. धुण्याचा दगड निम्मा बुडाला होता. शेजारीपाजारी कोणाला बोलवावं तर सगळ्यांची घरं वरच्या आळीला, तिथवर जाऊन येईपर्यंत उशीर झाला असता. मी पुन्हा म्हटलं, वाजवा. सासूबाईंनी ताट छातीशी धरलं. चाळीस वर्षं ठोके देत आलेली ती बाई आता पळी उचलायला तयार नव्हती. मला त्यांचा भयंकर राग आला. हा नेम पाळायची वेळ आहे का! मी ताट त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं आणि बडवायला लागले.

किती ठोके दिले, माहीत नाही. दगड पूर्ण दिसेनासा झाला तरी वाजवत होते. पळीचा दांडा वाकला. मग धुक्यातून, मला वाटलं त्याहून कितीतरी जवळून, आवाज आला.

"हो ऽ ऽ! आयकलं!"

जवळून. म्हणजे ते पलीकडच्या काठावर नव्हते, नदीत होते. मी ओरडत राहिले, मागे फिरा, मागे फिरा. सासूबाई खाली बसल्या होत्या. त्यानंतर कितीतरी वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं.

ऊन चढलं, धुकं विरलं, तेव्हा पलीकडे बोरीवर काहीतरी पांढरं फडफडताना दिसलं. नदी दोन्ही काठांना टेकून वाहत होती.

दुपारी ते पुलावरून कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले. स्वेटर छातीपर्यंत ओला होता आणि तिथे गढूळ पाण्याची सरळ रेघ उमटली होती. मला त्या रेघेकडे पाहवेना. मी रडायला लागले, माफी मागितली.

"तीन ठोके राह्यते, बाई," ते म्हणाले. "तू तं थांबेचना. मी म्हटलं, हा काई बुढीचा हात नाई. पण वाजून राह्यलं म्हंजे घरी जीव हाये. फिरलो मांगं."

सासूबाईंनी स्वेटर पिळला, दोरीवर वाळत घातला आणि लाल दुपट्टा काढून त्यांच्या गळ्यात टाकला.

संध्याकाळी चुलीपाशी आम्ही दोघीच होतो. मी वाकलेली पळी सरळ करत होते. मी विचारलं, "आई, का नाही वाजवलं तुम्ही?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मी वाजवलं असतं," त्या म्हणाल्या, "आन तिकडं कोनी आयकाले नसतं तं?"