गालाला कोरडी

"कोरडी आहे म्हटलं ना! फळ्या ठोक आणि भिंत बंद कर."

"बाबा, वजन केल्याशिवाय मी एक खिळा मारणार नाही."

"चाळीस वर्षं या गालानं भिंती बंद केल्या. आता तराजू लावू? दुकान टाकलंय का आपण?"

भिंतीच्या पोकळीत ऊब धरणारी लोकर भरायची, हा बापलेकीचा धंदा. आजचं घर बाबांच्या बहिणीचं. ती उद्या दवाखान्यातून परतणार होती आणि खोली तयार ठेवायचा शब्द त्यांनी दिला होता.

लोक त्यांना गालमास्तर म्हणत. सगळी हयात गेली दगडी लोकरीत, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या धाग्यांत. तो धागा पाणी पीत नाही. पाणी धाग्यांच्या मधे अडकतं, आणि गालाला लावताच गारवा चुगली करतो. खाजून खाजून उजवा गाल कायमचा लाल झाला, पण अंदाज कधी चुकला नाही. मेंढीची लोकर मात्र त्यांनी गेल्याच वर्षी हाती धरली.

"ही पाणी धाग्याच्या आत मुरवते, बाबा. पुष्कळ प्यायली तरी वरून कोरडीच लागते."

"एवढी आतल्या गाठीची?"

"तुमच्यासारखी."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. लेकीनं आत्याच्या स्वयंपाकघरातला काटा आणला. एक किलोचा गठ्ठा: एक किलो दोनशे साठ. त्यांनी मुद्दाम खालचा गठ्ठा ओढून ठेवला. एक किलो दोनशे ऐंशी.

"तीन आठवडे ओल्या गिलाव्याच्या खोलीत पडलेत," ती म्हणाली.

"सुकेल की."

"उघडी ठेवली तर सुकेल. जशी पिते तशी सोडतेही. पण आपण दोन्हीकडून प्लॅस्टिक ताणणार. मग ते पाणी कुठं जाईल? सांगाड्याच्या लाकडात, आणि तिथं बुरशी धरेल."

ते स्टुलावर टेकले. "आत्याला आठ दिवस आपल्याकडे ठेवू," एवढंच म्हणाले.

लेक गठ्ठे मोकळे करू लागली. मधेच तिचे हात थांबले.

"बाबा... ताईची बेडरूम. तिथंही हीच लोकर ना? दोन्हीकडून प्लॅस्टिक?"

कुबट वास येतो म्हणून ताईनं, त्यांच्या थोरल्या लेकीनं, दोनदा फोन केला होता. खिडक्या उघडत जा, म्हणून त्यांनीच तिला झापलं होतं. बाळाचा पाळणा त्याच भिंतीला लागून होता.

"तीही गालावरच बंद केली होती?"

गालमास्तरांनी कोपऱ्यातली पहार उचलली, काटा काखेत मारला आणि दाराबाहेर पडले.