बदलून गेलेल्या साहेबाचं पत्र

पोंभुर्ण्यात तहसील कार्यालयासमोर पत्र्याखाली फरहत शेखचं टेबल आहे. एकोणीस वर्षं ती लोकांचे अर्ज टाइप करते. मजकूर सांगणाऱ्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारायची तिला खोड आहे. त्यामुळे घाईतले लोक दुसरीकडे जातात.

सुकरी आत्राम घाईत नव्हती. जंगलातल्या आपल्या गावाहून ती दोन पत्रं घेऊन आली होती. पहिलं दोन वर्षांपूर्वीचं. तिच्या महिला गटाची मोहफुलं वाळवायची शेड गावाबाहेर होती. ती मोडून गावठाणात नवी बांधा, जागा दहा वर्षं तुमची, शिवाय राखीव जंगलातून पाण्याचा पाइपही टाकून देऊ, असं तहसीलातल्या तेव्हाच्या साहेबानं लिहून दिलं होतं. बायांनी जुनी शेड मोडली, डोक्यावर विटा वाहिल्या, भिंती चढवल्या. दुसरं पत्र नव्या साहेबाचं: आधीचं पत्र रद्द, जागा रिकामी करा. कारण लिहिलेलं नव्हतं.

"विनंती लिहून द्या, बाई," सुकरी म्हणाली.

फरहतनं दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. "साहेब बदलला, सुकरीबाई. सरकार तर तेच हाये ना? मंग त्याले आपला शब्द फिरवता येते का?"

"मले काय माहीत?"

माहीत फरहतलाही नव्हतं, आणि तेच तिला बेचैन करत होतं. टेबल झाकून ती सुकरीला घेऊन राजदीप वकिलाकडे गेली.

वकील म्हणाला, "याले विबंध म्हणतात. तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून समोरच्यानं आपलं होतं ते मोडलं, तर तुमाले मागं फिरता येत नाई. सरकारलेही हे लागू होते. पण लोकांचं मोठं हित आड आलं तर नाई. अन् जे द्यायचा साहेबाले कायद्यानं अधिकारच नव्हता, त्यालेही नाई."

"अधिकार होता का नव्हता, हे सुकरीबाईनं कसं वळखावं?"

वकिलानं वकीलपत्राचा कागद सुकरीपुढे सरकवला. "ते आता कोर्टालेच विचारू, फरहतबाई."

खटला नागपुरात हायकोर्टात चालला. तिथे नव्या साहेबाच्या वकिलाला धोरण बदललं एवढंच सांगता आलं. चौदा महिन्यांनी निकाल आला. फरहत बसनं सुकरीच्या गावी गेली आणि तिनं शेडमध्ये जमलेल्या बायांना तो सोप्या बोलीत समजावून सांगितला. गावठाणाची जागा देणं जुन्या साहेबाच्या हातात होतं, बायांनी त्यावर विसंबून शेड मोडली होती, म्हणून तो शब्द सरकारला पाळावाच लागेल. राखीव जंगलातून पाइप देणं मात्र त्याच्या हातात नव्हतंच, ते वनखात्याचं काम. तो शब्द कोणालाच बांधत नाही.

बाया आनंदानं एकदम बोलू लागल्या. सुकरीनं पहिलं पत्र उघडून समोर धरलं.

"कागद एक, सही एक," ती म्हणाली. "मंग अर्धा पक्का अन् अर्धा कच्चा कसा?"

"मीबी बसमंधी हाच इचार करत आली," फरहत म्हणाली. कायदा सोडून कोणीही साहेब जंगल वाटत सुटला तर काय होईल, हे तिला कळत होतं. तरी नाल्यावरून हंडे भरून येणाऱ्या बायांना ते सांगणं तिला अवघड गेलं.

पुढच्या सोमवारी पाण्याचा नवा अर्ज टाइप झाला, या वेळी वनखात्याच्या नावानं. खाली सुकरीनं एक ओळ वाढवायला लावली: पाणी देण्याचा आपणांस अधिकार आहे किंवा नाही, तेही लेखी कळवावे.