पन्नासावी पिशवी

माझं अक्षर चांगलं आहे. कौतुकानं सांगत नाही. त्या अक्षरानंच घात केला म्हणून सांगते. सबंध नोकरी गावातल्या शाळेत फळा लिहिण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही कुठला कार्यक्रम असला की यादी लिहायला, फॉर्म भरायला बाईंना बोलवा, असं गावात ठरूनच गेलं. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आमचे हे फौजेतले. गाड्या दुरुस्त करता करता सुभेदार झाले आणि पेन्शन घेऊन घरी आले. थोडा ऊस, दोन म्हशी, आणि व्यसन म्हणाल तर एकच, रक्त देण्याचं. तरुणपणी तिकडे अपघातात सापडलेल्या एका जवानाला यांचं रक्त दिलं, तो वाचला, आणि तेव्हापासून यांना तो नाद लागला. आमच्या भागात शिबिरांना काही तोटा नाही. साहेबांचा वाढदिवस आला की शिबिर, जयंती आली की शिबिर, गणपतीत तर दोन-दोन मंडळांची. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. तीन महिने भरले की पुढच्या शिबिरात पहिल्या खाटेवर आमचे हे. प्रमाणपत्रं ओळीनं लावलेली फाईल कपाटात वरच्या कप्प्यात. आमच्या लग्नाचा एक फोटो त्यांना कधी सापडला नाही, पण कितव्या वेळेला कुठं रक्त दिलं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे.

दिवाळी झाली आणि माळ्यावरून कडब्याची पेंडी काढताना ते मधेच खाली बसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "मोटर मिसिंग मारतीया बघ. एक ठोका हितं, दुसरा तिकडं."

मी त्यांना कराडला नेलं. डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, ती माझ्यासमोर धरली आणि शांतपणे समजावून सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळं आत रक्त रेंगाळतं. पाटात पाणी थांबलं की कसं शेवाळ धरतं, तसं तिथं रक्त साकळतं. त्यातली एखादी गुठळी सुटली आणि मेंदूत गेली की पक्षाघात. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी, सकाळी एक, संध्याकाळी एक. "बाकी एखादी गोळी विसरलात तर मी रागावेन," डॉक्टर म्हणाले, "ही मात्र विसरायचीच नाही. हिचा असर दीड-दोन दिवसांत उतरतो."

हे मी माझ्या चांगल्या अक्षरात वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. दाढी करताना जरा कापलं तर रक्त लवकर थांबायचं नाही, मग कापसाचा बोळा गालाला लावून हे अंगणात फिरायचे आणि शेजारणी हसायच्या. पण त्यांना बोचत होतं ते वेगळंच. या आजारात, या गोळीवर रक्त देता येत नाही. गणपतीतलं शिबिर पट्टी निघायच्या आधीच होऊन गेलं होतं, तेव्हा एकोणपन्नास झाले होते. नंतरची दोन शिबिरं यांनी लांबून, चौकात उभं राहून बघितली. फाईल काढायचे, शेवटच्या रिकाम्या कप्प्यावरून बोट फिरवायचे आणि परत ठेवायचे. मी चिडवायचे, "आवं, फौजेत एवढी मेडलं मिळाली, त्याचं काय न्हाई, आन हे कागदाचं मनाला लावून घेता." ते हसायचे नाहीत.

साहेबांचा वाढदिवस आठ दिवसांवर आला आणि त्यांचा कार्यकर्ता घरी आला. माझाच जुना विद्यार्थी, आता गळ्यात पंचा आणि दारात पांढरी गाडी. बसायच्या आधीच म्हणाला, "बाई, सुभेदारांचं पन्नासावं हाय ह्या टायमाला. फ्लेक्स छापून झालाय. साहेबांच्या हातानं सत्कार हाय."

"त्यांना औषध चालू हाय रं," मी म्हणाले. तेवढं म्हणाले, हे नोंदवून ठेवते.

"आवं बाई, गोळ्या कुणाला न्हाईत? माझ्या आयला पाच हायत."

तो गेला. हे बराच वेळ गोठ्यात होते. धार काढून आले, चरवी खाली ठेवली आणि फार समजूतदारपणे म्हणाले, "म्हशीला इंजेक्शन दिलं की आपण चार दिस डेरीला दूध घालतो का? न्हाई. औषध उतरलं की घालतो. तसंच हाय हे. पाच दिस गोळी बंद ठेवतो. रक्त सोच्छ हुतंय. रक्त दिलं की त्याच संध्याकाळी गोळी चालू."

आज हे लिहिताना मला माझीच कीव येते. पण त्या दिवशी मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, या माणसाचा प्रामाणिकपणा बघून भरून आलं. औषधाचं दूध डेरीला घालणारे आमच्या गावात काय थोडे आहेत? आणि हा माणूस औषधाचं रक्त परक्याला जाऊ नये म्हणून पाच दिवस स्वतःच्या जिवावर बेततंय हे बघत नव्हता. मीही बघत नव्हते. वहीत माझ्याच हातानं लिहिलेलं होतं आणि मी ती वही उघडली नाही. डॉक्टरांना फोन केला नाही, कारण ते नको म्हणतील हे मला ठाऊक होतं. म्हणजे कळत होतं. कळूनच केलं.

शिबिराच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारात टेबल, टेबलामागे मी. रांगेत पहिले हे, इस्त्रीचा सदरा घालून. फॉर्मवर प्रश्न होता, सध्या कोणते औषध चालू आहे का. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बंदच हाय की आता." मी लिहिलं, नाही. खाली दुसरा प्रश्न, हृदयविकार आहे का. तिथंही नाही. दोन्ही 'नाही' एकसारखे, वळणदार. नाडी बघायला बसलेल्या मुलीपुढं रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. तिनं दोन क्षण मनगट धरलं आणि पुढं पाठवलं.

सत्कार झाला. शाल, नारळ, आणि प्रत्येक रक्तदात्याला एक हेल्मेट. डोकं सांभाळा म्हणून. हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

दुपारी एकच्या सुमाराला घरी जेवायला बसलो. ते फार खुशीत होते. हेल्मेट शेजारी ठेवलेलं, फाईलही तिथंच. भाकरी मोडता मोडता त्यांचा उजवा हात ताटात पडला. मी म्हटलं, आवं, काय झालं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड एका बाजूला ओघळलं. बोलायला गेले तर शब्दच फुटेना.

मग गावात होतं ते सगळं झालं. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी तळपाय चोळले, कुणी पाणी पाजायला धावलं. गावातल्या डॉक्टरनं रक्तदाब बघण्यात पाऊण तास घालवला. शेवटी त्या कार्यकर्त्यानंच आपली गाडी काढली, हे मान्य केलं पाहिजे. हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. कराडच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, मेंदूचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टरीणबाई फार घाईनं बाहेर आली. मी त्यांच्या उशाशी, आणि माझ्या शेजारी तो कार्यकर्ता, गळ्यात अजून तोच पंचा.

"कधी सुरू झालं?"

"एक वाजता."

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, असं जुन्या कागदात दिसतंय. घेतात ना?"

आणि मी म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ. एकदाही चुकत नाही."

"आज सकाळची?"

"घेतली."

का म्हणाले? या प्रश्नाला माझ्याकडे पाच-सहा उत्तरं आहेत आणि एकही धड नाही. आम्ही सगळे डॉक्टरला असंच सांगतो. पथ्य पाळतो का, पाळतो. गोळी घेता का, घेतो. डॉक्टर रागावू नये म्हणून सांगतो, वर्गात मुलं गृहपाठ केला म्हणून सांगतात तसं. सगळा जन्म मी असली मुलं पकडली, आणि त्या दिवशी मीच त्यांच्यात जाऊन बसले. शेजारी तो उभा होता. सकाळी फॉर्मवर 'नाही' लिहिणारी बाई मी होते. त्याच्यासमोर ते सगळं कसं उकलायचं?

यांना सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं, पण समजत होतं. डावा हात सरकत सरकत माझ्या पदरापर्यंत आला आणि त्यांनी पदर ओढला. एकदा, मग पुन्हा जोरात. मान हलवत होते. मला कळलं ते काय सांगतायत. मी तो हात धरून खाली दाबला आणि म्हटलं, "गप पडा बघू."

डॉक्टरीणबाई म्हणाली, "मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही. गोळीचा असर असताना दिलं तर मेंदूत रक्तस्राव होईल. एरवी त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येतं." आणि ती आत निघून गेली.

तेव्हा मला कळलं की मी काय केलं. कळल्यावर तरी पळत जाऊन सांगायचं ना? मी बाकड्यावर बसून राहिले. एक ते साडेपाच, असा हिशोब मनात मांडला, म्हणजे अजून वेळ आहे. आता सांगितलं तर ती म्हणेल, मघाशी खोटं का बोललात. तो विचारेल, म्हणजे शिबिरासाठी गोळी बंद केली, आणि फॉर्मवर हृदयविकार 'नाही' असं तुम्हीच लिहिलं? लेकाला पुण्याहून निघायला फोन केला, त्यालाही तेच सांगितलं, सकाळची गोळी घेतली होती. खोटं एकदा बोललं की त्याचीही सवय लागते, तासाभरातच लागते.

कार्यकर्ता फोन घेऊन बाहेर गेला तेव्हा मी उठले. डॉक्टरीणबाई अपघाताच्या एका रुग्णाजवळ होती. मी दारात उभी राहिले, कुणीतरी मला बाजूला सारलं, मी पुन्हा उभी राहिले. ती मोकळी झाली आणि मी एका दमात सांगितलं, की पाच दिवस गोळी नव्हती, मी खोटं बोलले. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा मिनिटं होती.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं केसपेपरवरची एक ओळ खोडली, वर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर प्रयत्न केला असता, बाई." लागू पडलंच असतं असं नाही, असंही म्हणाली. हे वाक्य ती माझ्यासाठी म्हणाली हे मला समजलं, आणि मला ते नको आहे.

तो फ्लेक्स महिनाभर चौकात होता. रक्तवीर, वर साहेब, खाली हसणारे आमचे हे. नंतर कुणीतरी उतरवून आमच्याच अंगणात आणून टाकला आणि गड्यानं तो कडब्याच्या गंजीवर पांघरला. आता पावसाचं पाणी यांच्या तोंडावरून वाहतं. मी काढून टाकत नाही. बघत राहावं, एवढी तरी शिक्षा असू दे. कार्यकर्ता येतो, बिस्किटं आणतो, "बाई, नशीब," म्हणतो. मी त्याला दोषही देऊ शकत नाही, हे फार जाचतं. फॉर्म त्यानं भरला नव्हता.

उजवा हात गेला. पाय थोडा उचलतात. बोलणं गेलं ते गेलंच. लाडात असले की तेही मला गावासारखं बाई म्हणायचे, आता त्यातलं 'बा' एवढंच निघतं, आणि तेच पाणी हवं असलं तरी आणि म्हैस ओरडली तरी.

गोळीची पेटी मी उशाशी ठेवली आहे. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक. गिळली की ते तोंड उघडून दाखवतात. मी कधी दाखवा म्हटलेलं नाही.

तीन महिन्यांनी तपासायला नेते. परवा डॉक्टरांनी विचारलं, "गोळी वेळेवर?"

"सकाळ-संध्याकाळ. एकदाही चुकत नाही," मी म्हणाले.

आता ते खरं आहे. तरी मी हे म्हणायला लागले की ते मान वळवून माझ्याकडे बघतात. डावा हात माझ्या पदराजवळ पडलेला असतो. ओढत नाहीत.