एमिलच्या ट्रकचं मूळ इंजिन

लुमिर वोंद्राचं नेब्रास्कातल्या एका लहान गावात गॅरेज होतं. जुने ट्रक दुरुस्त करण्यातच त्याचं आयुष्य गेलं, पण जुन्या ट्रकच्या शौकिनांशी त्याचं कधी जमलं नाही. ही मंडळी इंजिनावर ठोकलेला नंबर भिंगातून वाचायची आणि कागदाशी जुळला नाही की नाक मुरडायची.

"माझे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी बदललेत," लुमिर म्हणायचा. "मग मी काय नकली लुमिर?"

मंडळी हसायची, त्याचीच कॉफी प्यायची आणि पुन्हा भिंग काढायची.

त्याच्याकडे एक हिरवा ट्रक होता, १९५१ सालचा, थोरल्या भावाचा. एमिल त्या ट्रकमध्येच गेला होता, जुलैतल्या एका दुपारी, मक्याच्या शेताच्या कोपऱ्यावर, स्टिअरिंगवर डोकं टेकून. हृदयविकाराचा झटका आला होता. आठवड्याच्या आत लुमिरनं ट्रकचं इंजिन उपसलं, चाळीस मैलांवरच्या एका शेतकऱ्याला पाण्याच्या पंपासाठी देऊन टाकलं आणि दुसरं बसवलं. का, ते कुणी विचारलं नाही. गॅरेजवाल्यानं इंजिन बदललं, त्यात काय विचारायचं?

एकतीस वर्षांनी एमिलची मुलगी मार्लिस ट्रक मागायला आली. बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती.

"घेऊन जा," लुमिर म्हणाला. "तुझाच आहे."

"पण यात इंजिन बाबांचं नाही ना."

"हे त्याहून बरं आहे. चढावर धापा टाकत नाही."

"काका, मला बाबांचा चेहरासुद्धा धड आठवत नाही. ट्रकचा आवाज तेवढा आठवतो. टिक्‌टिक्‌ करत यायचा. ती टिक्‌टिक्‌ यात नाही."

जुनं इंजिन न शोधायची लुमिरनं बरीच कारणं सांगितली. ते भंगारात गेलं असेल, जाम झालं असेल. मार्लिसनं ऐकून घेतलं, आणि महिन्याभरात तिनं ते इंजिन हुडकून काढलं. एका पत्र्याच्या शेडमध्ये पडलेलं, वर कोंबड्यांनी घरटं केलेलं. नंबर कागदाशी जुळत होता.

आता नाही म्हणायला लुमिरपाशी खरं कारण सोडून दुसरं उरलं नव्हतं, आणि ते त्याला सांगवेना. त्यानं इंजिन पूर्ण खोललं. पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या, व्हॉल्व्हची फट एकेक करून पट्टीनं मापली. टिक्‌टिक्‌ व्हायला जागाच ठेवली नाही. मग इंजिन बसवून चावी फिरवली, तर पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि टिक्‌टिक्‌ करू लागलं.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात तो ट्रक घेऊन निघाला. मक्याच्या त्याच शेताच्या कोपऱ्यावर येताच इंजिनाचा जोर गेला. त्यानं क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबला, तरी काही फरक पडेना. बंदही पडेना. एका लयीत, मंद, नुसतं चालू राहिलं. वारा नव्हता, मक्याचं पानही हलत नव्हतं. पंधराएक मिनिटांनी आपोआप जोर आला. लुमिरनं कार्बोरेटर धुतला, पेट्रोलची नळी बदलली, कॉइल बदलली. चार दिवस रोज गेला. चारही दिवस तेच, त्याच जागी. दुसरं इंजिन तिथून एकतीस वर्षं बिनबोभाट गेलं होतं.

पाचव्या दिवशी मार्लिस आली आणि स्वतः चालवायला बसली. कोपऱ्यावर ट्रक मंदावला. तिनं दोनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला, मग पाय काढून घेतला.

"इथंच का, काका?"

"हो."

"लगेच गेले म्हणाला होतात तुम्ही."

लुमिर समोरच्या काचेकडे बघत राहिला. "मला माहीत नाही, पोरी. गॅरेज इथून हाकेच्या अंतरावर. हा आवाज मी दुपारभर ऐकत होतो. चार तास. मला वाटलं, झोपलाय लेकाचा सावलीत, मी मरतोय कामात. सकाळीच आमचं वाजलं होतं. मुद्दाम गेलो नाही."

मार्लिसनं त्याचा हात धरला नाही, की दरवाजा उघडून उतरलीही नाही. दोघं तसेच बसून राहिले. त्या दिवशी जोर यायला तासाच्या वर लागला.

"जुनं इंजिन परत काढतो," घरी आल्यावर लुमिर म्हणाला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि ट्रक आपल्या गावी घेऊन गेली.

महिनाभर तिचा फोन नव्हता. मग एका रविवारी आला. ट्रक झकास चालतो म्हणाली, कुठं अडत नाही.

"टिक्‌टिक्‌?"

"ती आहे. पण काका, चावी काढून घेतल्यावरही इंजिन चालूच राहतं. आधी मिनिटभर राहायचं. काल मी स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलले, तरी बाहेर चालू होतं."

"आत कार्बन साठला असेल," लुमिर म्हणाला. "जुन्या इंजिनांना होतं तसं. घेऊन ये, खरवडून देतो."



"नको," मार्लिस म्हणाली. "राहू दे."