मोलगीच्या जीपमधली तीन माणसं

सकाळी नऊला अक्कलकुव्याला एसटीतून उतरलो. अकराला मोलगीच्या कॉलेजात माझं व्याख्यान होतं, विषय अणुकेंद्र. त्यातले कण फार जवळ आले की एकमेकांना असे ढकलतात की गणित कुणाच्या बापाला झेपत नाही. म्हणून पुनर्सामान्यीकरणाची पद्धत वापरतात: बारीकसारीक तपशील पुसत जायचे, म्हणजे बल मऊ होतं. कितीही पुसलं तरी उत्तर तेच यायला हवं. माझं वर्षभर बदलत होतं, आणि तरी ते बदलत नाही असं ठासून सांगायला मी निघालो होतो. लाज वाटते, पण खरं आहे.

जीप भरल्याशिवाय हलेना. मागे तीनच जागा उरल्या होत्या आणि थांब्यावर तीन म्हातारे होते: वेस्ता, दामजी, फुलजी. वेस्ता आणि दामजी बिडी ओढत खिदळत होते. मग दामजी फुलजींबरोबर भजी खायला गेले. नंतर फुलजी आणि वेस्ता, गळ्यात गळे! जीपवाले सलीमभाई मात्र फुलजींना पुढच्या फेरीला थांब म्हणत होते.

“अहो, कुठल्याही दोघांचं जमतंय. मग तिघांचं जमणारच!” मी घड्याळ दाखवलं.

“सर, तिन्हीसले एकत्र बठाडू नका.” (तिघांना एकत्र बसवू नका.)

मी बसवलेच.

देवगोई घाटात मागे जुंपली. आतापर्यंत प्रत्येक जोडी नसलेल्या तिसऱ्याची निंदा करून सुखात होती. आता नसलेला कुणीच नव्हता! तिघं उतरले आणि तीन दगडांवर तीन दिशांना तोंडं करून बसले.

सलीमभाईंनी शांतपणे इंजिन बंद केलं. “तुम्हना हिसाब दोन-दोनना शे. तीनना नही.” (तुमचं गणित दोघा-दोघांचं आहे, तिघांचं नाही.)

अरे देवा! तपशील पुसताना तीन कणांमध्ये एक नवं बल उपजतं. मी ते ‘नगण्य’ म्हणून फेकून दिलं होतं.

शेवटी फुलजींना पुढे माझ्याशेजारी घेतलं. मोलगीपर्यंत त्यांनी मागच्या दोघांची यथेच्छ निंदा केली, आणि मागून खिदळणं ऐकू येत राहिलं.

साडेबाराला पोहोचलो. बाजाराचा दिवस, तरी सात-आठ मुलं-मुली थांबली होती. फळ्यावर आधी लिहिलं, ‘माझं उत्तर चुकलं आहे.’ मग कुठे छातीवरचं ओझं उतरलं. जेवणात आमचुराची आंबट डाळ आणि ज्वारीची भाकरी होती. चार भाकऱ्या खाल्ल्या.

पुण्याला परतून तीन कणांमधलं ते बल गणितात घातलं. आता कितीही पुसा, उत्तर जागचं हलत नाही. आनंदाने ओरडतच माझ्या दोन सहकाऱ्यांच्या खोलीत शिरलो. दोघं पोट धरधरून हसत होते.

मला पाहून गप्प झाले.