न उसवणारी लोकर

सुमतीअक्का माझ्याशी पहिले वाक्य बोलल्या ते माझ्या स्वेटरबद्दल. धारवाडच्या मालमड्डीत त्यांच्या घराची माडी भाड्याने द्यायची आहे असे कळल्यावर मी जानेवारीतल्या एका सकाळी तिथे गेलो होतो. माझे नाव, गाव, नोकरी यांपैकी काहीही न विचारता त्यांनी माझ्या डाव्या बाहीकडे पाहिले.

"कुणी विणलाय?"

"बहिणीनं."

"मनगटापासून चौथ्या ओळीत उलटाच्या जागी सुलट टाका पडलाय. काढा, उसवून देते."

थंडी आहे, असे मी सांगितले. "मग उन्हाळ्यात आणा," असे म्हणून त्यांनी माडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी एका मराठी दैनिकाचा हुबळीतला वार्ताहर आहे, ही माहिती त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारून घेतली. त्या माडीवर मी अजून राहतो.

अक्कांनी हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या मुलींच्या एका शाळेत तीस वर्षे शिवण आणि विणकाम शिकवले. निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत सहा-सात बायका विणायला येत. जिना त्या खोलीला लागून आहे. चढता-उतरताना मला बहुतेक वेळा एकच शब्द ऐकू येई: "उसव." चूक सांगण्यात त्या वेळ घालवत नसत. विणणारीच्या हातातून काम घ्यायच्या, सुई काढायच्या आणि धागा ओढायच्या. दोन संध्याकाळींचे काम अर्ध्या मिनिटात मांडीवर गोळा होई. "लोकर कुठं जात नाही गं. होती तेवढीच आहे. परत विण." चूक पाठीच्या बाजूला आहे, कुणाला दिसणार, असे एकीने सांगून पाहिले. अक्कांनी विचारले, "पाठ काय तुझी नव्हे होय?" दुसरी म्हणाली, "अक्का, तुम्ही बाई आहात का पोलीस?" त्यावर उत्तर आले, "पोलीस सोडून तरी देतात."

बायका हसत, रुसत आणि पुढच्या शनिवारी परत येत. त्यांनी विणलेले स्वेटर पंधरा-पंधरा वर्षे टिकले आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

घरात अक्का, मुलगा प्रसाद आणि सून शिल्पा अशी तीन माणसे. प्रसाद तारिहाळच्या एका कारखान्यात यंत्रांवर काम करतो. शिल्पा धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासते. ती गदगच्या कन्नड घरातली, मराठी तिने लग्नानंतर उचलली. सासूला ती कन्नडमधल्याप्रमाणे अत्ती म्हणते. लग्नानंतर वर्षभराने तिला दिवस गेले, तेव्हा तिने अक्कांकडे विणायला शिकायचे ठरवले. जन्माआधी बाळासाठी काही विणू-शिवू नये, असे तिच्या आईने फोनवर बजावले होते. अक्कांनी ते मोडीत काढले. "मी तीस वर्षं पोरींना शिकवलं. विणल्यानं कुणाचं काही होत नाही."

शिल्पाने पिवळा, वीतभर स्वेटर विणला. पाचव्या महिन्यातल्या एका शनिवारी, सगळ्या बायकांसमोर, तिने तो अक्कांच्या हातात दिला. एक बाही दुसरीपेक्षा दोन ओळींनी लांब होती. अक्का म्हणाल्या, "उसव," आणि नेहमीप्रमाणे स्वतःच धागा ओढला. पुढच्या बुधवारी शिल्पाला दवाखान्यात न्यावे लागले. गर्भ राहिला नाही.

डॉक्टरांनी कारण सांगितले, ते वैद्यकीय होते आणि लोकरीशी त्याचा काही संबंध नव्हता. घरातल्या तिघांनाही ते समजले होते. तरी शिल्पा अक्कांशी कामापुरते बोलू लागली. दूध आले का, गॅस लागला का, एवढेच. "भांडल्या असत्या तर बरं झालं असतं," असे प्रसाद मला एकदा गाडी पुसताना म्हणाला. अक्कांनी शनिवारचा वर्ग बंद केला. डोळे दुखतात, असे बायकांना सांगितले. सुया उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर टाकल्या. दोन वर्षे त्यांनी टाका घातला नाही.

दोन वर्षांनी शिल्पाला पुन्हा दिवस राहिले. सहावा महिना लागला त्या आठवड्यात घरी एक पार्सल आले. त्यात फिकट निळ्या मखमली लोकरीचे आठ गुंडे आणि क्रोशाची जाड सुई होती. ही लोकर हाताला मांजराच्या पाठीसारखी लागते. मधे एक बारीक दोरा आणि त्याला चहूकडून दाट लव, अशी तिची घडण. लव टाके झाकून टाकते, त्यामुळे सुई कुठे खुपसायची ते दिसत नाही. सैल विणले तर वेढे अळ्यांसारखे वर येतात, आवळून विणले तर आतला दोरा तुटतो.

"काय करायचं म्हणतेस ह्याचं?" अक्कांनी विचारले.

"टीपॉयवर घालायला," शिल्पा म्हणाली.

"केवढा आहे गं तुझा टीपॉय?"

शिल्पाने सुई हातात घेतली. साठ टाके धरून तिने फोनवरच्या व्हिडिओत बघत सुरुवात केली. बाळाचे नाव कुणी काढले नाही. रोज संध्याकाळी बेलूरहून आल्यावर ती पुढच्या खोलीत तासभर विणायची. अक्का समोरच्या खुर्चीत पेपर धरून बसायच्या. माझ्याच दैनिकाचे एक पान त्यांना पाऊण तास पुरत असे.

तीन आठवडे असे गेले. एका रविवारी शिल्पाला कारखान्यातल्या मैत्रिणीला विणकामाचा फोटो पाठवायचा होता. तिने एक टोक प्रसादकडे आणि एक माझ्याकडे दिले. धरलेले पाहून मी सांगितले, "खाली रुंद आहे, वर अरुंद होत गेलंय." बातमीदाराला दिसले ते सांगायची सवय असते. ती तिथे आवरायला हवी होती.

शिल्पाने फोन खाली ठेवला आणि टाके मोजले. अडतीस भरले. प्रत्येक ओळीतला शेवटचा टाका लवेत लपत होता आणि ती तो सोडून वळत होती. बावीस ओळींत बावीस टाके गेले होते. माल तपासणाऱ्या बाईला हे मान्य होणे कठीण होते. तिने अक्कांकडे पाहिले.

"अत्ती, तुम्हाला दिसत होतं?"

"होय."

"कधीपासून?"

"तिसऱ्या ओळीपासून."

"मग बोलला का नाही? तुम्ही गप्प आहात म्हणजे बरोबर आहे, असं मला वाटलं. चुकलं की तुम्ही गप्प बसत नाही, हे सगळ्या मालमड्डीला माहीत आहे."

अक्कांनी पेपरची घडी घातली. "मागच्या वेळी बोलले होते की," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांत या विषयावरचे घरातले हे पहिले वाक्य. प्रसाद हातातले टोक तसेच धरून उभा राहिला. मी जिन्याकडे निघालो होतो, पण दुसरे टोक माझ्याकडे होते.

शिल्पा म्हणाली, "स्वेटर उसवला म्हणून काही झालं नाही. ते मला कळतं, अत्ती. पण तुम्ही मला विचारलं नाही. तो मी विणला होता."

"होय," अक्का म्हणाल्या. "विचारायला पाहिजे होतं."

शिल्पाने डोळे पुसले, निळे काम अक्कांच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आता मी सांगते. उसवा."

अक्कांनी धागा ओढला. पाच-सहा टाके निघाले असतील. ओढलेल्या धाग्यावरची लव गळून त्यांच्या पातळावर पडली आणि आतला दोरा उघडा राहिला. अक्कांनी तो बोटांत धरून उजेडाकडे नेला. तीस वर्षांत त्यांच्या हातात उसवले न जाणारे काही आले नव्हते. त्यांनी आणखी एक टाका ओढून पाहिला. तोही तसाच निघाला. मग त्या थांबल्या आणि सुनेच्या भाषेत म्हणाल्या, "इरली बिडु." असू दे, राहू दे, असा त्याचा अर्थ.

पुढचा उपाय अक्कांनी सुचवला, तो विचारून सुचवला. उघडा पडलेला दोरा कापून नवा धागा जोडायचा आणि जितक्या ओळी टाके कमी झाले तितक्याच ओळी एकेक वाढवत जायचे. "मधे कंबर दिसेल. डमरूसारखं होईल. चालेल तुला?" शिल्पा म्हणाली, चालेल. अक्कांनी तिला प्रत्येक ओळीच्या शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवायला सांगितली. मग तिच्या शेजारी बसून तिचे बोट स्वतःच्या बोटाने विणीवर टेकवले. "डोळ्यांनी शोधू नको, लव फसवते. खालून बोट घाल. खड्डा लागला की टाका. मोज." पहिल्या ओळीत दोघींची मोजणी जुळली नाही. अक्कांनी स्वतः परत मोजले तेव्हा त्यांचीच चुकली होती. हे सांगताना शिल्पा अजून हसते.

सुया कपाटावरून खाली आल्या, पण अक्कांनी त्या पांघरुणात एकही टाका घातला नाही. फक्त मोजले. साठ भरले त्या दिवशी नववा महिना लागून आठ दिवस झाले होते. टीपॉयवर ते एकदाही घातले गेले नाही.

मुलगी झाली तेव्हा प्रसाद दवाखान्यातच होता. सकाळी नऊच्या सुमारास मी अक्कांना गाडीतून नेले. त्यांच्या पिशवीत जुन्या पातळांचे धुतलेले मऊ तुकडे होते आणि वर ते निळे पांघरूण. बाळाला गुंडाळायला अक्कांनी ते पुढे केले, तेव्हा नर्सने कन्नडमध्ये स्पष्ट सांगितले की ते चालणार नाही, लव नाकातोंडात जाते, सुती द्या. तीन महिन्यांचे काम अक्कांच्या हातात राहिले आणि बाळ पातळाच्या तुकड्यात गेले. मी थर्मास घेऊन दाराशी उभा होतो. शिल्पाचा चेहरा पडला, तो मला तिथून दिसला.

तिला हुडहुडी भरली होती. दात वाजत होते आणि दवाखान्याची चादर पातळ होती. अक्कांनी पांघरूण उलगडले आणि तिच्या अंगावर घातले. साठ टाक्यांची एक बाजू खांद्यांवरून आली, दुसरी पायांवर. पावले उघडी राहत होती. शिल्पाने गुडघे जवळ घेतले, तशी तीही झाकली गेली.

"अत्ती, हे बाळासाठी केलं होतं," शिल्पा म्हणाली. हे तिने कुणाला प्रथमच सांगितले.

"माहीत आहे. तिला मोठी होऊ दे. तोवर तू घे."

नर्स बाळाला वजन करायला घेऊन गेली. प्रसाद तिच्यामागे गेला. अक्काही उठल्या, तेव्हा शिल्पाने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि त्यांचा पदर धरला.

"तुम्ही नको. तुम्ही इथंच बसा."

अक्का बसल्या.